न सुटलेला वारा

१

सोमवारी सकाळी साडेसातला मी प्रयोगशाळेचं कुलूप काढलं आणि दारातच थबकलो. बोगद्याच्या काचेच्या पेटीत सिद्धोधनचा पंख दोन तुकडे होऊन पडला होता.

बोगदा म्हणजे आगगाडीचा नव्हे हो, वाऱ्याचा. आमच्या विमान अभियांत्रिकी विभागात खरं विमान एकही नाही, पण हा बोगदा आहे. एका टोकाला पुरुषभर उंचीचा फॅन, मधी काचेची पेटी. पेटीत विमानाच्या पंखाचा हातभर नमुना बसवायचा आणि त्याच्यावर वारा सोडायचा. विमान उभं राहतं, वारा पळतो. परभणीहून पोखर्णीला जाताना डाव्या हाताला एक लांबलचक पत्र्याची इमारत दिसते. लोक तिला कापसाचं गोदाम समजतात. ती आमची प्रयोगशाळा. एकतीस वर्षं तिची चावी माझ्या कमरेला आहे. मी दिनकरराव, तांत्रिक सहायक. डोक्यानं तापट आहे हे आधीच सांगून ठेवतो.

तो पंख सिद्धोधन वाव्हळेनं आठ महिने घासून, तासून, आपल्या हातानं बनवला होता. सिद्धोधन पूर्णेचा. बाप रेल्वेत रुळाच्या कामावर, पोरगा पाच वर्षं आमच्याकडं पीएचडी करायलाय. त्याची नोंदणी एकतीस मेला संपणार होती, आणि वाढीव मुदत आधीच घेऊन झाली होती. त्याच सोमवारी त्याची शेवटची चाचणी होती. ती झाली की प्रबंध जमा करायचा. नाही झाली तर पाच वर्षं मातीत.

"आयला!" मागून नागेश ओरडला. नागेश आमचा प्रयोगशाळा परिचर, सोळा वर्षं माझ्या हाताखाली. "काका, हे काय झालं? शनिवारी तर सिद्धोधन सायबानं चांगला बसवून ठेवला व्हता."

टेबलावर बोगद्याचं रजिस्टर उघडं पडलं होतं. नियम असा की बोगदा चालवला की त्यात नोंद करायची. वेळ, वाऱ्याचा वेग, तापमान, हवेचा दाब. रविवारची एक ओळ भरलेली होती. दुपारी एक ते दीड. शेवटच्या रकान्यात 'सि. वा.' अशी दोन अक्षरं.

तेवढ्यात विभागप्रमुख आले. डॉ. भुजंगराव टाकळकर, सिद्धोधनचे मार्गदर्शक. त्यांनी काचेतून आत बघितलं, रजिस्टर बघितलं, आणि रुमालानं चष्मा पुसत शांतपणे म्हणाले, "एकट्यानं चालवला. बोल्ट ढिले ठेवले. त्याला बोलवा, आणि येताना निलंबनाचं पत्र टाइप करायला सांगा."

२

रविवार कोणता, तर नरसिंह जयंतीचा. आमचा अख्खा विभाग दरवर्षी पोखर्णीला जातो. दर्शन, मग पंगत. मीही होतो, नागेश होता, प्राध्यापक, पोरंपोरी, सगळे. एकटा सिद्धोधन गेला नव्हता. आणि नागेशची चावी शनिवारपासून त्याच्याजवळ होती.

झालं! लोकांना आणखी काय लागतं?

मी त्याला वर्कशॉपच्या मागं गाठलं. पंखाचा एक तुकडा हातात घेऊन उकिडवा बसला होता. "खरं सांग रे," मी दम भरला. "चालवला व्हतास का?"

"न्हाई काका."

"मंग दुपारभर काय केलंस?"

"खोलीवर झोपलो व्हतो. दोन रात्री जागून धागे चिकटवले व्हते, डोळे उघडत नव्हते."

"साक्षीला कोण?"

तो हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. "झोपलेल्या माणसाला साक्षीदार कुठून आणू? शुक्रवारी चौकशी समिती हाय म्हणे. भुजंग सर म्हणाले, नोंदणी रद्द होईल. मी म्हणलं, सर, मी असं कसं करीन? ते म्हणाले, तुझे हात पहिल्यापासूनच बरोबर नाहीत."

मला राग आला. पण राग येऊन पंख जुळत नाही. मी त्याच्या हातातला तुकडा घेतला आणि उन्हात धरला.

पंखाच्या पाठीवर लोकरीचे बारके धागे चिकटवतात, बोटाच्या पेराएवढे. वारा सुटला की ते हलतात, त्यावरून पंखावरनं वारा कसा वाहतो ते कळतं. हे धागे लय नाजूक. एकदा जोराचा वारा लागला की दोन मिनिटांत त्यांची टोकं पिंजून जातात. एकतीस वर्षांत मी असे हजारो पिंजलेले धागे उपटून टाकलेत.

या पंखावरचे धागे मी एकेक करून बघितले. चाळीसच्या चाळीस. टोकं कात्रीनं कापली तशीच्या तशी, कोरी.

"सिद्धोधन," मी म्हणलं, "बोगदा कुणीच चालवला नाही रे. या पंखाला वारा लागलेलाच नाही. हा माणसानं मोडलाय."

३

धाग्यांवर समिती विश्वास ठेवणार नाही हे मला ठाऊक होतं. म्हणतील, पोरानं रात्रीतून नवे चिकटवले. मला बोलणारा साक्षीदार पाहिजे होता. म्हणून मंगळवारी मी वसतिगृहाच्या मेसमध्ये गेलो.

आमच्या बोगद्याची मोटार आणि वसतिगृहाची बोर एकाच डीपीवर आहेत. दोन्ही सोबत चालले की डीपीचा फ्यूज उडतो आणि अर्धं आवार अंधारात. म्हणून पंधरा वर्षांपासून आमची एक रीत आहे. बोगदा चालू करायच्या आधी मेसला फोन करायचा, "बोर बंद करा." काम झालं की पुन्हा फोन, "लावा." हे कुठं लिहिलेलं नाही. पण प्रयोगशाळेत हात काळे करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

स्वयंपाकीण पार्वतीबाई पातेलं घासायल्या होत्या. दरसाल दिवाळीनंतर घरचे ऊसतोडीला जातात, या मात्र मेस सोडत नाहीत. तोंडाच्या फटकळ, पण खोटं बोलणार नाहीत.

"पार्वतीबाई, रविवारी दुपारी बोर बंद करा म्हणून फोन आला व्हता का?"

"कुणाचा फोन? तुमी सगळे तर पुरणपोळी हाणायला गेलते पोखर्णीला. मला कुणी विचारलं का, बाई तू येतीस का म्हणून?"

"चुकलं. पुढल्या साली नेतो. बोरचं सांगा."

"बारा वाजता लावली, साडेतीनला बंद केली. पोरं नव्हते, पाणी वापरायला कुणी न्हाई, टाकी वाहून खाली तळं साचलं. त्याच्यावरून वॉर्डन मलाच बोलला. आता सांगा, यात माझा काय गुन्हा?"

"मधी लाईट गेली व्हती?"

"न्हाई बा. माझा कूलर चालू व्हता ना डोक्यापाशी. काहून विचारायलाव?"

बारा ते साडेतीन बोर चालू, लाईट एकदाही गेली नाही. आणि रजिस्टर म्हणतं, एक ते दीड बोगदा चालला. दोन्हीतलं एकच खरं असू शकतं. म्हणजे ज्यानं ही नोंद लिहिली त्याला ही बोरची रीत माहीत नव्हती.

मी परत निघालो तर दारात नागेश उभा. तोंड उतरलेलं. "काका," तो म्हणाला, "त्या रजिस्टरमधी अजून एक गोष्ट हाय. मी कालपासून बघायलोय. बोललो तर माझ्यावर येईल म्हणून गप बसलो."

४

नागेशला रागवायचा माझा विचार होता. पण त्यानं रजिस्टर पुढं केलं आणि दाबाच्या रकान्यावर बोट ठेवलं.

सातशे त्रेपन्न.

आता हे नीट समजून घ्या, कारण सगळी गंमत इथंच आहे. गंमत कसली, दुर्दैव. प्रयोगशाळेच्या भिंतीवर पाऱ्याचा जुना दाबमापक आहे. रोज सकाळी नागेश त्याच्यातला आकडा फळ्यावर लिहितो. समुद्रकाठी तो पारा सातशे साठ मिलिमीटरच्या आसपास उभा राहतो. शाळेच्या पुस्तकात तोच आकडा असतो. पण परभणी समुद्रापासून चारशे मीटर वर आहे. वर गेलं की हवेचा भार कमी, पारा खाली. आमच्याकडं तो सातशे वीसच्या आगंमागं असतो. उन्हाळ्यात थोडा खाली, हिवाळ्यात थोडा वर. एकतीस वर्षांत सातशे तीसच्या वर गेलेला मी पाहिला नाही.

"सातशे त्रेपन्न व्हायचं म्हणजे," नागेश म्हणाला, "येलदरीच्या धरणाच्या जागी समुद्र यायला पायजे."

"तू किती लिहिलं असतंस?"

"झोपेत उठवून विचारा. सातशे वीस. सायबाचे बी पाच वर्षांचे आकडे बघा."

बघितले. सिद्धोधनच्या सगळ्या नोंदी सातशे सोळा ते सातशे सव्वीस. कुठंही चूक नाही. खोटी नोंद करायची झाली असती, तरी या दोघांच्या हातून सातशे वीसच उतरलं असतं. ती त्यांची सवयच होती.

"तू काहून गप बसलास रे?"

"चावी मी दिलती ना सायबाला. नियमात बसत न्हाई ते. अन् मला वाटलं, नोंदीत खोट हाय म्हणलं की म्हणतील, मीच केली." त्याचे डोळे भरून आले. "काका, मला दोन पोरी हायत."

मी शिव्या गिळून रजिस्टर काखेत मारलं. भित्र्या माणसाला शिव्या देणं सोपं असतं.

तर मग लिहिलं कुणी? ज्याला हे ठाऊक आहे की रकान्यात दाब भरावा लागतो, पण ज्याला दोन पावलांवरच्या भिंतीकडं बघायचं सुचत नाही असा माणूस. शिकलेला माणूस. असे आमच्या विभागात कमी नाहीत. पण सिद्धोधनचा पंख मोडण्यात जिचा फायदा होता, अशी एक पोरगी मला माहीत होती.

५

अर्पिता वरच्या मजल्यावर बसते. तिचा पंख संगणकात. हात काळे होत नाहीत, लोकर लागत नाही, बोर बंद करावी लागत नाही. मार्गदर्शक तेच, भुजंग सर.

दोघांच्या संशोधनाचा विषय एकच. पंख वाऱ्यात जास्त तिरपा केला की एका कोनाला वारा त्याच्या पाठीवरून सुटतो आणि पंखातला दम जातो. बारा वर्षांखाली भुजंग सरांनी पंखाच्या पुढच्या कडेला करवतीसारखे दाते पाडून सिद्ध केलं होतं की तो कोन बावीस अंशांपर्यंत नेता येतो. त्या लेखावर त्यांना बढती मिळाली, पुरस्कार मिळाला, शाल-श्रीफळ मिळालं. अर्पिताच्या संगणकानंही बावीसच दाखवलं होतं. आणि सिद्धोधनच्या बोगद्यात पंख दर वेळेस सोळा अंशांवर पडायचा. त्याचं सोळा खरं ठरलं, तर हिचा प्रबंध खोटा.

"ये बाई, खरं सांग," मी सरळच विचारलं. "रविवारी कुठं होतीस?"

"पोखर्णीला, काका. सकाळपासून पंगत वाढत होते. काकूंनीच माझ्या हातात बुंदीचं ताट दिलं. घरी विचारा."

हे खरं होतं. माझी बायको रात्री तिचं कौतुक करत होती. तरी मी सोडलं नाही. "आज परभणीत हवेचा दाब किती असंल?"

"पंच्याण्णव हजार नऊशे पास्कल. म्हणजे तुमच्या पाऱ्यात सातशे वीस," तिनं मान वर न करता सांगितलं. "संगणकाला सुरुवातीलाच सांगावा लागतो. सिद्धोधनकडूनच घेते रोज."

मी रजिस्टर तिच्यापुढं ठेवलं. सातशे त्रेपन्न बघून ती बुचकळ्यात पडली. मग तिनं आपला फोन काढला, हवामानाचं पान उघडलं, रविवारचा आकडा बघून कागदावर गुणाकार केला.

"एक हजार चार मिलिबार. पाऱ्यात बदललं की बरोबर सातशे त्रेपन्न. काका, हा फोनवरून घेतलाय! फोन प्रत्येक गावचा दाब समुद्रावर असता तर किती असता, ते सांगतो. खऱ्या हवेचा नाही."

"तूच लिहिलं असतंस तर मला हे सांगितलं नसतंस."

ती हसली नाही. दार लोटून आली आणि हळू म्हणाली, "मी चोर नाही. पण साव पण नाही. माझ्या संगणकात पण पहिल्यांदा सोळाच आलं होतं."

"काय?"

"सोळा. सहा महिने सोळाच. सर म्हणाले, मी प्रत्यक्ष बोगद्यात बावीस काढलंय, तुझं गणित चुकतंय. मग मी आकडे फिरवत गेले, बावीस येईपर्यंत. ते आल्यावर सरांनी पेढे वाटले." तिनं रजिस्टर मिटून माझ्याकडं सरकवलं. "सिद्धोधनला ते जमलं नाही. त्याला बोगद्याला खोटं बोलायला लावता येत नाही ना."

६

मला तरी ते पटेना. मार्गदर्शक आपल्याच विद्यार्थ्याचा पंख मोडेल? बाप पोराच्या ताटात माती कालवेल? पण तिच्या एका वाक्यानं माझ्या डोक्यात किडा सोडला होता. 'मी प्रत्यक्ष बोगद्यात बावीस काढलंय.'

बुधवारी दुपारी मी अडगळीच्या खोलीत शिरलो. बाहेर त्रेचाळीस अंश, आत पत्र्याखाली भट्टी. बारा वर्षांपूर्वीची रजिस्टरं वाळवीनं कडा खाल्लेल्या अवस्थेत सापडली. जानेवारीचा महिना उघडला. भुजंग सरांच्या बावीस अंशांच्या चाचण्या. एकोणीस नोंदी.

दाब : सातशे अठ्ठावन्न. सातशे एकोणसाठ. सातशे साठ. सातशे अठ्ठावन्न.

एकही सातशे चोवीस-पंचवीस नाही. मी त्याच तारखांच्या वरच्या ओळी बघितल्या. सकाळी तिसऱ्या वर्षाच्या पोरांची प्रात्यक्षिकं असायची. त्याच दिवशी, त्याच खोलीत, पोरांनी लिहिलेलं : सातशे चोवीस. आणि खाली दुपारी सरांचं : सातशे एकोणसाठ.

तेव्हा सरांच्या फोनात हवामान नव्हतं, वेधशाळेच्या पानावरून घेतलं असेल. बारा वर्षांत साधन बदललं, चूक तीच. हा माणूस या बोगद्यात त्या एकोणीस दिवसांत आलाच नव्हता. वारा सुटलाच नव्हता. बावीस अंश टेबलावर बसून जन्माला आले होते!

आता कळलं. सिद्धोधनची शेवटची चाचणी झाली असती, सोळा अंश छापून आले असते, आणि कुणीतरी कुठंतरी विचारलं असतं की बावीस कुठून आलं.

मी खोलीत एकटाच मोठ्यानं हसलो. सापडला म्हणून हसलो. आणि हसता हसता माझी नजर पानाच्या तळाला गेली.

'पाहिले, बरोबर.' त्याच्याखाली सही. एकोणीस दिवसांची एकोणीस पानं, एकोणीस सह्या. दिनकरराव, तांत्रिक सहायक.

माझ्याच.

७

आमच्याकडं रीत अशी होती. महिनाअखेरीला रजिस्टरांचा ढीग माझ्या टेबलावर यायचा आणि मी चहा पीत, नागेशशी गप्पा मारत सह्या ठोकायचो. वाचत कोण होतं? मोठ्या माणसानं लिहिलेलं तर अजिबातच नाही; मी दुपारी वर्कशॉपात असताना सर त्यांच्या चावीनं चालवत असतील, असं धरून चालायचो. डोक्यानं तापट दिनकरराव! पोरांच्या अंगावर ओरडायला शूर, आणि सायबाच्या कागदापुढं बैल.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. डिसेंबरात माझी निवृत्ती. ते जुनं रजिस्टर वाळवीच्या हवाली केलं असतं, तर कुणाला पत्ता लागला नसता. धागे आणि बोर एवढ्यावरच समितीत बोललो असतो, कदाचित पोरगा सुटलाही असता. कदाचित. हे मी मनातल्या मनात पन्नासदा घोकलं, खोटं कशाला सांगू.

शुक्रवारी अकराला समिती बसली. अध्यक्ष डॉ. मनिषा मॅडम, भौतिकशास्त्राच्या. एका बाजूला भुजंग सर, दुसऱ्या बाजूला सिद्धोधन, पांढरा शर्ट इस्त्री करून घातलेला. मी दोन्ही रजिस्टरं काखेत मारून गेलो.

आधी धागे दाखवले. मग पार्वतीबाईंना उभं केलं. त्यांनी टाकीचं तळं, वॉर्डन, पुरणपोळी, सगळं सांगितलं. भुजंग सर हसले. "धागे बदलता येतात. आणि स्वयंपाकिणीच्या आठवणीवर विद्यापीठ चालत नाही, मॅडम."

"सर, एक विचारू?" मी म्हणलं. "आता या घडीला आपल्या प्रयोगशाळेत दाब किती असंल?"

"हा काय प्रश्न आहे?"

"साधाच हाय."

"साडेसातशेच्या पुढं. सातशे पन्नास, पंचावन्न." त्यांनी खांदे उडवले. "सातशे साठ म्हणजे वातावरणाचा दाब. आठवीतल्या पोराला विचारा."

मनिषा मॅडमनी पेन खाली ठेवलं. "टाकळकर सर, परभणीत?"

एकच शब्द, पण खोलीतली हवा बदलली. मॅडम उठल्या, आमी सगळे त्यांच्यामागं जिना उतरून प्रयोगशाळेत गेलो. भिंतीवर पारा उभा होता. सातशे एकोणीस. फळ्यावर नागेशच्या अक्षरात तेच. मॅडमनी तो आकडा बघितला, रविवारची नोंद बघितली आणि विचारलं, "हे सातशे त्रेपन्न या खोलीत उभं राहून कुणी लिहील?"

"म्हणजे मी लिहिलं असं होत नाही," भुजंग सर म्हणाले. "मी पोखर्णीला होतो."

"दर्शनापुरते," मी म्हणलं. "अकराला बीपी वाढलं म्हणून तुमी गाडी घेऊन निघालात. पंगतीला तुमचं पान रिकामं व्हतं. तिसरी चावी तुमच्याजवळ हाय. अन् हे बघा." मी जुनं रजिस्टर उघडून त्यांच्यापुढं ठेवलं.

त्यांनी पानं उलटली नाहीत. एकदाच बघितलं. तो चेहरा मी विसरणार नाही. मग त्यांनी बोट पानाच्या तळाला ठेवलं आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "सही तुमची आहे, दिनकरराव. एकोणीस वेळा. मी खोटा असेन तर तुम्ही कोण?"

"तुमच्याइतकाच," मी म्हणलं. "म्हणून तर घेऊन आलो."

भुजंग सर खुर्चीवर बसले. म्हणाले, मुदत होती, बोगदा नादुरुस्त असायचा, काही चाचण्या झाल्याच नाहीत, उत्तर बावीसच येईल याची मला खात्री होती. पंखाबद्दल विचारलं तर एवढंच बोलले, "त्याला दोनदा सांगितलं, विषय बदल. ऐकलं नाही."

८

पुढचं तुमी पेपरात वाचलं नसेल, कारण आलंच नाही. भुजंग सर वैद्यकीय रजेवर गेले. विभागप्रमुख दुसरे झाले. जुन्या लेखाबद्दल 'स्वतंत्रपणे विचार करू' असं ठरलं, म्हणजे काही ठरलं नाही. मला ताकीद मिळाली. अर्पिताचा प्रबंध थांबवला. आकडे फिरवल्याचं तिनं स्वतःच लिहून दिलं होतं, शाबास तिची. सिद्धोधनवरचा आरोप मागं घेतला, आणि मनिषा मॅडमनी भांडून त्याला सहा महिन्यांची खास मुदत मिळवून दिली.

ते पत्र मी स्वतः घेऊन वसतिगृहात गेलो. जिने धावत चढलो या वयात. वाटलं, पोरगा पाया पडेल. आता लपवून काय करू, तसंच वाटलं होतं.

तो ट्रंक भरायला बसला होता. पत्र वाचलं, घडी करून खिशात ठेवलं.

"नवा पंख करू," मी म्हणलं. "मी अन् नागेश घासून देतो. तीन महिन्यांत होतो."

"हा पाचवा व्हता काका. माहिताय ना तुमाला?"

"व्हय."

"पहिल्यावर सोळा आलं. सर म्हणाले, तुझी कड चुकली. दुसरा केला, सोळा. तिसरा केला, सोळा. चौथ्याला मी पूर्णेला जाऊन बापाला सांगितलं, माझ्या हातात कला न्हाई, मला जमत न्हाई. बाप म्हणाला, धीर धर. पाच वर्षं मी बावीस काढायलोय." त्यानं ट्रंकेचं झाकण लावलं. "दुसऱ्या वर्षी मला सरांच्या आकड्यांवर शंका आली व्हती. मी त्यांच्या निकालाचे तक्ते काढून बघितले. प्रत्येक तक्त्याखाली तुमची सही व्हती. मी म्हणलं, दिनकरकाका न बघता सही करणार न्हाईत. सायबाला बी सोडणार न्हाईत, असा माणूस हाय. म्हणून मी सरांना खोटं ठरवलं न्हाई. माझ्या हातालाच खोटं ठरवलं."

मी उगाच ट्रंकेवरची धूळ पुसली.

"तुमी कवा बघितलं व्हतं का काका? पंख बावीसवर टिकलेला?"

"न्हाई."

त्यानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं, रागाशी माझी ओळख आहे.

"बघा, आता सोळा खरं निघालं," तो म्हणाला, "अन् मला त्याच्यावर बी भरोसा बसत न्हाई. उद्या सहावा पंख केला अन् त्याच्यावर सोळा आलं, तर मला वाटंल, काहीतरी माझंच चुकलं. असा माणूस कशाला डॉक्टर करायचा?"

मी लय समजावलं. रेल्वेच्या परीक्षेचा अर्ज भरलाय म्हणाला, बापाच्या खात्यातच. ट्रंक उचलायला मी हात लावला, तर त्यानं "राहू द्या" म्हणून ती स्वतःच खांद्यावर घेतली आणि खाली उतरला. चारच्या गाडीनं पूर्णेला गेला. ते पत्र सहा महिन्यांनी आपोआप रद्द झालं.

त्याचं सोळा पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. पाच वर्षांत हे त्याला सांगणारा एकही माणूस त्या इमारतीत निघाला नाही, आणि न सांगणाऱ्यांत पहिला मी.